हरकताभिमुख

पाणीपुरवठा मंडळाचे संगणक विभागप्रमुख प्रशिक्षण संपवून घरी आले, तेव्हा काहीतरी बिनसलंय हा पहिला संशय त्यांच्या बायकोला कुकरमुळे आला. एरवी हा गृहस्थ स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास शोधण्यापुरताच यायचा, आणि ग्लास डोळ्यांसमोर असला तरी "कुठे ठेवलायस?" असं विचारून परत जायचा. त्या दिवशी मात्र ते कुकरसमोर हाताची घडी घालून उभे राहिले आणि भारावलेल्या आवाजात म्हणाले, "आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. आपण बघायलाही जात नाही. दाब किती झाला ते त्याचं त्याला कळतं, आणि वेळ झाली की तो आपल्याला शिट्टी देतो. किती सुंदर आहे हे."

"तिसऱ्या शिट्टीला बंद करा," बायको म्हणाली. "आणि सुंदरच बघायचं असेल तर सिंकमध्ये भांडीही पडलीत."

मंडळात या विभागप्रमुखांना त्यांच्या नावाने कोणी ओळखत नसे. त्यांना सगळे 'अर्धविराम' म्हणत. फार पूर्वी एका प्रोग्रामात एक अर्धविराम द्यायचा राहून गेला होता आणि त्यापायी अख्ख्या शहराची बिलं अडकली होती. तो नेमका कुठे राहिलाय हे यांनी शोधून काढलं. सुरुवातीला त्यांना वाटलं, की ही पदवी आहे. ती टोपणनाव आहे हे लक्षात येईपर्यंत ती शिपायापासून संचालकापर्यंत पोचली होती, आणि मग चिडण्यात काही अर्थ उरला नव्हता. स्वभावाने ते मुळातच चुळबुळे. बसले की पाय हलवायचे, उभे राहिले की पेनचं टोपण काढायचे आणि घालायचे. प्रशिक्षणाहून आल्यापासून पाय आणि टोपण दोन्ही एकदम सुरू झाली.

त्यांनी बायकोला समजावून सांगायचा प्रयत्न केला. आजवर आपण प्रोग्राम लिहितो तो स्वयंपाकाच्या कृतीसारखा: आधी हे करा, मग ते करा. नव्या पद्धतीत तसं नाही. जगात जेवढ्या वस्तू, तेवढे ऑब्जेक्ट. मीटर एक ऑब्जेक्ट, बिल एक ऑब्जेक्ट. प्रत्येकाला आपापली माहिती असते आणि आपापलं काम येतं. दुसऱ्याने त्याच्या पोटात हात घालायचा नाही, काय हवं ते त्याला विचारायचं. याला म्हणतात ऑब्जेक्ट ओरिएंटेड.

बायको शाळेत व्याकरण शिकवत होती. ती म्हणाली, "ऑब्जेक्ट म्हणजे कर्म. कर्त्याची क्रिया ज्याच्यावर घडते, ते."

"इथे कर्मच क्रिया करतं."

"मग त्याला कर्ता म्हणा."

"नाही, ऑब्जेक्टच म्हणायचं."

"एखाद्या पोराने पेपरात असं लिहिलं तर मी भोपळा देईन," ती म्हणाली आणि तिने कुकर बंद केला, कारण चौथी शिट्टी होऊन गेली होती.

एवढं भारावून जायला कारण होतं. मंडळाची सगळी बिलं ज्या एका प्रोग्रामातून निघत, त्याला विभागात 'आजोबा' म्हणत. आजोबा फार जुने. ज्याने ते लिहिले तो केव्हाच निवृत्त होऊन परगावी गेला होता, आणि जाताना "हात लावू नका, चालतंय तोवर चालू द्या" एवढाच उपदेश करून गेला होता. आजोबांच्या पोटात सगळं एकमेकांत गुंतलेलं. एकदा दुकानांच्या पाण्याचा दर बदलला, तर उपाहारगृहाची कुपनं छापायची बंद झाली. कुपनं दुरुस्त केली, तर एका गल्लीतल्या सगळ्या ग्राहकांचं आडनाव एकच झालं आणि दोन हाडवैरी शेजारी कागदोपत्री सख्खे भाऊ ठरले. अर्धविरामांची उभी नोकरी आजोबांची सेवा करण्यात गेली होती. ठिगळ लावायचं आणि ते उसवलं की त्यावर दुसरं लावायचं. आपल्या हाताने, पहिल्या ओळीपासून, एक तरी गोष्ट उभी करावी एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात राहिली होती. निवृत्ती दिसायला लागल्यापासून ती इच्छा त्यांना धड बसू देत नव्हती.

ते मोठ्या साहेबांकडे गेले. मोठे साहेब म्हणजे मंडळाचे कार्यकारी संचालक. त्यांना कोणतीही गोष्ट समजावून सांगायला वेळ लागत नसे, कारण ते ऐकतच नसत. अर्धविरामांनी मीटर, बिल, पोट आणि हात हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "बाहेरची एक कंपनी मागे लागलीय. सगळं काम आम्हाला द्या म्हणते. तुमचा विभाग बंद करायचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे."

अर्धविरामांच्या हातातलं टोपण खाली पडलं.

"बोर्डाच्या पुढच्या बैठकीत तुमची नवी पद्धत चालवून दाखवा. चालली तर विभाग राहील. नाही चालली तर काम कंपनीला, आणि तुम्हाला मीटरच्या गोदामात पाठवावं लागेल. तिथे खुर्ची रिकामी आहे." मग त्यांनी थोडी दया दाखवली. "परिपत्रक काढा. सगळ्या विभागांनी सहकार्य करावं असं लिहा."

मीटरचं गोदाम म्हणजे मंडळाचं अडगळीचं घर. तिथे बंद पडलेले मीटर आणि तसेच अधिकारी ठेवत. अर्धविराम तिथून थेट आपल्या खोलीत आले, फळ्यापुढे उभे राहिले आणि चौकोन काढू लागले. विभागात त्यांच्याखेरीज दोन प्रोग्रामर होत्या. त्यांतल्या एकीला बोलकी म्हणत आणि दुसरीला मुकी. मुकीला बोलता येत नसे असं नाही, बोलकी तिला संधी देत नसे. तिघांनी मिळून फळा भरला, मग भिंतीवर कागद लावले. परिपत्रकाचा इंग्रजी मसुदा अर्धविरामांनी उभ्या उभ्या खरडला आणि मराठी करायला अनुवादकांकडे पाठवून दिला.

अनुवादक हा भला माणूस. उभी हयात त्यांनी कायदा विभागात काढलेली. जमिनी, निविदा, कोर्टाच्या नोटिसा याखेरीज त्यांच्या हातून काही गेलं नव्हतं, पण अर्थाची शहानिशा केल्याशिवाय एक शब्द पुढे सरकवायचे नाहीत. तेवढ्यासाठी ते जिना चढून आले, दारातून डोकं आत घातलं आणि विचारलं, "साहेब, हा जो ऑब्जेक्ट आहे, त्याला 'हरकत' घेतलं तर चालेल ना?"

अर्धविराम त्या वेळी ग्राहक आणि मीटर या दोन चौकोनांमध्ये बाण कुठल्या दिशेने काढावा या पेचात होते. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"काही हरकत नाही," ते म्हणाले.

परिपत्रक मोठ्या साहेबांच्या सहीने निघालं आणि मंडळाच्या प्रत्येक फलकावर लागलं. त्यात म्हटलं होतं: 'मंडळाच्या संगणक प्रणालीचा विकास यापुढे हरकताभिमुख पद्धतीने करण्यात येईल. सबब प्रत्येक विभागाने आपापल्या हरकती ओळखाव्यात, त्यांचे वर्गीकरण करावे व त्या संगणक विभागाकडे सादर कराव्यात. समान हरकती एका वर्गात घेऊन त्यांचा वारसा पुढील हरकतींना देण्यात येईल. प्रत्येक हरकतीचे अंतरंग खाजगी राहील.'

मंडळ स्थापन झाल्यापासून तिथे हरकती घ्यायला बंदीच होती म्हणा ना. निदान विचारलं तरी कोणी नव्हतं. आता साक्षात संचालकांच्या सहीने हरकती मागवल्यावर लोकांनी हात आखडता घेतला नाही. दुसऱ्या दिवशी अर्धविराम कामावर आले तर त्यांच्या दारात रांग होती. त्यांना आधी वाटलं, नव्या पद्धतीचं लोकांना किती कुतूहल आहे. त्यांचा ऊर भरून आला. रांगेतल्या पहिल्या माणसाने कागद पुढे केला. त्यात लेखा विभागाची हरकत होती, की खिडकीशेजारचा पंखा फक्त हिशेबनिसाच्या डोक्यावर फिरतो.

दुपारपर्यंत टेबल दिसेनासं झालं. मीटर वाचणाऱ्यांची हरकत कुत्र्यांवर होती, बिलं वाटणाऱ्यांची जिन्यांवर आणि दोघांची मिळून एकमेकांवर. एका चालकाने वारसा हा शब्द वाचून आपल्या मुलाचं नाव लिहून दिलं. युनियनचे पुढारी तर आत आले ते कागद न घेताच.

"अंतरंग खाजगी राहील म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "खाजगीकरण करताय ना? सरळ सांगा."

"अहो, खाजगी म्हणजे आतली माहिती. मीटरची माहिती फक्त मीटरला."

"आणि कामगारांना नाही. वा."

पुढारी गेल्यावर अर्धविरामांनी फलकावरचं परिपत्रक पहिल्यांदा नीट वाचलं. वाचून ते आधी खुर्चीत बसले, मग उठले, मग जिना उतरून अनुवादकांकडे गेले. त्यांनी संतापाने 'हरकत' हा शब्द तीनदा म्हणून दाखवला. अनुवादकांनी त्यांना पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "मी विचारायला आलो होतो. तुम्हीच म्हणालात, हरकत नाही. मला वाटलं, तुम्ही विनोद करताय. तरी मी मान्यता समजून पुढे गेलो."

चूक आपली, आणि तीही शब्दशः बरोबर. अर्धविराम तसेच वर आले. वाटेत प्रत्येक जण त्यांना थांबवून "आमची हरकत पोचली का?" असं विचारत होता.

मोठे साहेब म्हणाले, "मग शुद्धिपत्रक काढा." शुद्धिपत्रकाला कायदा अधिकाऱ्यांची मान्यता हवी होती. कायदा अधिकारी बाई अत्यंत सज्जन आणि नियमाला घट्ट. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की एकदा हरकती मागवल्या, की त्या निकाली निघेपर्यंत मूळ परिपत्रक मागे घेता येत नाही. प्रत्येक हरकतीची सुनावणी झाली पाहिजे.

"कोणापुढे?"

"हरकती ज्याच्याकडे सादर करायच्या, त्याच्यापुढे," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुमच्यापुढे."

त्या संध्याकाळी अर्धविराम गॅलरीत येरझारा घालत होते. शेजारच्या गॅलरीत वकीलकाका झाडांना पाणी घालत होते. कोणाच्याही अडचणीचा वास त्यांना भिंतीतून येत असे. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "पहिली गोष्ट, चूक दुरुस्त करू नका. दुरुस्त केली की ती तुमची ठरते. दुसरी गोष्ट, तारखा द्या. तारीख दिली की निम्मे लोक येत नाहीत. आणि तिसरी, तुम्हीही एक हरकत नोंदवा. परिपत्रकावरच."

"माझ्याकडेच?"

"तुमच्याकडेच. कोणाला नाही म्हणता येणार नाही."

अर्धविरामांनी ते खरंच केलं. माणूस बुडायला लागला की काडीला वजन किती हे बघत नाही. त्यांनी परिपत्रकाविरुद्ध हरकत नोंदवली, स्वतःला तारीख दिली, त्या तारखेला स्वतःपुढे हजर झाले, आणि अर्जदार व सुनावणी अधिकारी यांचं एकमत न झाल्याने पुढची तारीख दिली. बोलकीने हे सगळ्या मजल्यांवर सांगितलं. लोक त्यांना बघून हसू लागले. हसण्याचंही त्यांना एवढं वाटलं नसतं, पण बोर्डाची बैठक जवळ येत होती, फळ्यावरचे चौकोन तसेच होते, आणि ते स्वतः सभागृहात बसून हिशेबनिसाच्या डोक्यावरच्या पंख्याची बाजू ऐकत होते. घरी जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा. झोपेत त्यांचा पाय हलायचा म्हणून बायको वैतागून गादीच्या अगदी कडेला सरकली.

"गोदामात गेलात तर काय होईल?" एकदा तिने सरळ विचारलं. "पगार तर तोच ना?"

"पगार तोच. पण मग मी आयुष्यभर केलं काय?" ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कपड्याला ठिगळं."

तिने त्यांच्या ताटात भात वाढला आणि त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला.

कलाटणी मिळाली ती एका हरवलेल्या हरकतीमुळे. भांडार विभागातल्या एका बाईंची हरकत ढिगाऱ्यात कुठेतरी गडप झाली. त्यांनी हरकत हरवल्याबद्दल दुसरी हरकत घेतली, आणि दोन्ही हरकतींची सुनावणी एकाच दिवशी ठेवल्याबद्दल तिसरी. अर्धविरामांचा तोल गेला. ते आपल्या खोलीत आले, मशीनपुढे बसले आणि बोलकीला म्हणाले, "फळा पुसा. मीटर नको, ग्राहक नको, काही नको. आधी या हरकतींचा बंदोबस्त करू. हरकत नावाचा क्लास लिहा, सगळ्या हरकतींचा एकच साचा."

तासाभरात हरकत तयार झाली. कोणी घेतली, कशावर घेतली, तारीख कोणती, निकाली निघाली की नाही, हे सगळं तिचं तिला ठाऊक. कुठल्याही हरकतीला विचारावं, ती आपली कहाणी सांगे. जे फळ्यावर इतके दिवस चौकोनात बसत नव्हतं ते चिडून लिहिताना आपसूक बसलं. मग मुकी म्हणाली, "कशावर घेतली, यात आपण नुसता मजकूर ठेवलाय." बोलकी पाणी प्यायला गेली होती म्हणून तिला बोलता आलं. "निम्म्या हरकती बिलांवर आहेत. बिल लागेल."

मग बिल लिहिलं. बिलाला आकडे कोण देणार? मीटर लिहिला. मीटर कोणाकडे बसवलाय? ग्राहक लिहिला. पंख्यांच्या आणि कुत्र्यांच्या हरकती वेगळ्या, बिलांच्या वेगळ्या, पण मूळ एकच, तेव्हा त्यांना वारसाही मिळाला. उलट्या टोकाने धागा ओढावा आणि सरळ विणलेलं कापड हाताशी यावं, असं चाललं होतं. अर्धविराम सुनावणीला जात, परत आले की कोट न काढताच मशीनपुढे बसत. एका दुपारी ते मध्येच उभे राहिले. "हरकत माणसानेच का घ्यायची?" ते म्हणाले. "बिल चुकतं ते मीटर बंद पडला म्हणून. बंद पडलाय हे मीटरला माहीत असतं. मग त्यानेच बोलावं. आकडा हलला नाही, की त्याने स्वतः हरकत नोंदवावी." त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी दोघींना उपाहारगृहातून चहा आणून दिला. कुपनाशिवाय, रोख.

नमुना म्हणून शहराच्या एकाच भागातले खरे मीटर त्यांनी यंत्रात भरले. कार्यालयामागच्या बंगल्यांचा भाग घेतला, कारण तिथल्या नोंदी वाचायला सोप्या होत्या. दर खेपेला तोच आकडा, सुबक अक्षरात. घाईच्या माणसाला सुबक अक्षर दिसतं, त्यापलीकडचं दिसत नाही.

बैठकीच्या दिवशी लांबट टेबलाभोवती बोर्डाचे सभासद बसले होते आणि टोकाला अध्यक्ष. कंपनीचा प्रतिनिधी भिंतीशी उभा होता. त्याने आधीच रंगीत चित्रं दाखवून सगळ्यांना खूश केलं होतं आणि आता तो अर्धविरामांकडे, डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा पेशंट बघावा तसा बघत होता. अर्धविरामांनी हरकती दाखवल्या. अध्यक्ष खूश झाले. परिपत्रकात हरकताभिमुख म्हटलं होतं आणि समोर हरकतीच होत्या. मंडळात कागदावर लिहिलेलं आणि प्रत्यक्षात दिसलेलं इतकं तंतोतंत जुळल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "आता बिल काढून दाखवा. माझ्याच घरचं काढा."

अर्धविरामांनी अध्यक्षांचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं आली: 'बिल करता येत नाही. मीटर बऱ्याच काळापासून बंद. हरकत नोंदवली.'

मग पडद्यावर त्याखाली आणखी एक ओळ आली, दुसऱ्या बंगल्याची. मग तिसरी. यंत्र आपलं काम इमानेइतबारे करत होतं, आणि एकेका ओळीला टेबलाभोवतीचा एकेक सभासद मान खाली घालत होता. आजोबा इतकी वर्षं या सगळ्यांना सरासरीने चिमूटभर बिल पाठवत आले होते. आजोबांनी कधी ब्र काढला नव्हता.

मोठे साहेब अर्धविरामांच्या मागे उभे होते. ते वाकून पुटपुटले, "चूक झाली म्हणा. नवीन आहे, चुका होतात म्हणा."

चूक झाली म्हटलं तर अध्यक्षांची अब्रू वाचणार होती आणि ही पद्धत तिथेच मरणार होती. नाही म्हटलं तर गोदाम. त्यांना भीती वाटत होती. पण त्यांनी पडद्याकडे बघितलं तेव्हा त्यांना दुसरंही काही वाटलं. ते आपण लिहिलेलं होतं, पहिल्या ओळीपासून, आणि ते खरं बोलत होतं.

"ही हरकत कोणी घेतली?" अध्यक्षांनी विचारलं.

"मीटरने, साहेब."

"माझ्या मीटरने? माझ्याविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध नाही. त्याला तुम्ही माहीतच नाही," अर्धविराम म्हणाले. "घर कोणाचं ते मीटरला कळत नाही, साहेब. त्याला फक्त पाणी कळतं."

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "मागे घ्या ती," एक सभासद म्हणाले. कायदा अधिकारी बाई कोपऱ्यातून उठल्या आणि त्यांनी नम्रपणे सांगितलं, की नोंदलेली हरकत सुनावणीशिवाय मागे घेता येत नाही. तेवढ्यात कंपनीचा प्रतिनिधी भिंतीपासून सुटला. पडद्यावरची नावं त्याला लांबून नीट वाचता येत नव्हती म्हणून तो पुढे येत होता, आणि त्याने खिशातून वहीही काढली होती.

त्याला पुढे येताना बघून अध्यक्षांचा चेहरा पालटला. सगळ्या सभासदांचाच पालटला. "पडदा बंद करा," अध्यक्ष म्हणाले. "आणि यांना बाहेर चहा द्या." प्रतिनिधी बाहेर गेल्यावर ठराव व्हायला वेळ लागला नाही. मंडळाची माहिती ही मंडळाची, ती बाहेरच्या कंपनीच्या हाती देणं योग्य नाही, यावर आजवर कधी झालं नव्हतं असं एकमत झालं. संगणक विभाग राहील. नवी पद्धत स्वीकारावी. आजोबांना सन्मानाने निवृत्त करावं. शहराचे बाकीचे भागही लवकरात लवकर यंत्रात भरावेत, कारण हरकती काय फक्त बंगल्यांनाच असतात का, असं अध्यक्षांनी जरा तिरसटपणे विचारलं. स्वतःच्या सुनावणीची तारीख मात्र त्यांनी आपण होऊन मागून घेतली, आणि अर्धविरामांनी ती तिथेच लिहून दिली.

मोठे साहेब जिन्यात भेटले. "तुमची खुर्ची मी कंपनीने शिफारस केलेल्या माणसाला देतो म्हणालो होतो," ते म्हणाले. "आता कोणालाच देता येत नाही. तुम्ही सगळ्यांचीच पंचाईत केलीत." आणि जाता जाता त्यांनी अर्धविरामांच्या खांद्यावर हात ठेवला. तो शाबासकीचा होता की तोल सावरायचा, हे अर्धविरामांना नीट कळलं नाही.

घराकडे येताना त्यांची पावलं जमिनीवर नव्हती. जिंकलेल्या माणसाने खरं तर सावकाश चालावं, पण त्यांना काहीतरी टोचत होतं. इमारतीच्या जिन्याखाली सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर ओळीने बसवलेले होते. ते रोज त्यांच्यासमोरून जात, आणि पाणीपुरवठा मंडळात उभी नोकरी केलेल्या या माणसाने त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. आज ते वाकले. आपल्या बिऱ्हाडाच्या मीटरची काच त्यांनी रुमालाने पुसली. आकडा हलत नव्हता. पाणी चालू नसेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि वर तोंड करून हाक मारली.

"अगं, नळ सोड."

"सोडलाय," बायको खिडकीतून म्हणाली. "बादली भरतेय."

अर्धविराम गुडघ्यांवर बसून काचेत बघत राहिले. वरच्या मजल्यावर बादली भरल्याचा आवाज आला, मग दुसरी लावल्याचा. वकीलकाका पिशवी घेऊन जिना उतरत होते, ते थांबले, तेही वाकले. दोघांनी बराच वेळ बघितलं. आकडा जिथल्या तिथे होता.

"तारीख द्या," वकीलकाका हळूच म्हणाले आणि निघून गेले.

अर्धविराम एकेक पायरी चढत वर आले. बायको दारातच उभी होती. बैठकीत काय झालं ते तिला ऐकायचं होतं. त्यांनी विभाग वाचल्याचं सांगितलं, नवी पद्धत मंजूर झाल्याचं सांगितलं. ती मनापासून हसली. "मग चेहरा असा का?"

"पुढच्या आठवड्यात आपला भाग यंत्रात भरायचाय. आपला मीटर बंद आहे. तो हरकत घेणार, आणि आपली सुनावणी लागणार."

"कोणापुढे?"

"माझ्यापुढे."

"मग काळजी कसली?"

"त्याचीच तर काळजी आहे," ते म्हणाले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले.